सुटलेली शपथ

माझा धाकटा भाऊ चाळीच्या जिन्यात कोसळला, तेव्हा त्याच्या जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या शेजाऱ्यावर मी रागावले नाही. एरवी रागावण्यात मी कुणाला हार जात नाही. आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत शिकवून माझा घसा गेला आहे आणि स्वभाव तेवढा उरला आहे. पण लालबागच्या आमच्या चाळीत पन्नाशी ओलांडलेल्या निम्म्या माणसांच्या खिशात ती गोळी असते. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची आणि टॅक्सी बोलवायची, एवढं ज्ञान इथे शेंबड्या पोरालाही आहे. शेजाऱ्याने स्वतःसाठी जपलेली गोळी काढून दिली, ती मायेनेच. ती विरघळली आणि भाऊ पांढराफटक पडला. नाडी सापडेना. आम्ही त्याला खुर्चीत घालून खाली नेलं, तेव्हा शेजारी पुन्हापुन्हा म्हणत होता, अजून एक ठेवूया का?

देवाची कृपा, दुसरी गोळी सापडली नाही.

परळच्या ज्या हॉस्पिटलात आम्ही त्याला नेलं, तिथली हृदयाची डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची होती आणि मला मावशी म्हणत होती. तिने इको काढला, बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली, मग मला आत बोलावून दाखवू लागली. माझ्या भावाच्या हृदयातलं स्नायूचं मधलं पार्टिशन जाड झालं होतं. हृदय आवळलं की तो जाड स्नायू रक्ताच्या बाहेर पडायच्या वाटेतच येई. तिने सांगितलेलं नाव, हायपरट्रॉफिक ऑब्स्ट्रक्टिव्ह कार्डिओमायोपॅथी, मी तीनदा म्हणून घेतलं. समजलं मात्र ते आमच्या खोलीवरून. आमचं लोखंडी कपाट दाराला लागून उभं आहे, त्यामुळे दार कधीच पूर्ण उघडत नाही आणि येणारा अंग चोरून आत येतो. भावाचं रक्त तसं बाहेर पडत होतं. ती जिभेखालची गोळी रक्तवाहिन्या सैल करते. दुसऱ्या कुणाच्या हृदयाला त्याने आराम मिळतो, पण याच्या हृदयात दार आणखी मिटतं.

मग तिने विचारलं, हे पाणी किती पितात? भाऊ पलंगावरून अभिमानाने म्हणाला, अगदी थोडं. आमच्या आईलाही हृदयाचाच त्रास होता. तिचे पाय सुजायचे, म्हणून डॉक्टरांनी तिचं पाणी मोजून दिलं होतं. ती पितळेची लोटी अजून आमच्या फळीवर आहे. भावाला धाप लागायला लागली तेव्हापासून त्याने कुणाला न सांगता आईचं पथ्य सुरू केलं होतं. डॉक्टरने कपाळाला हात लावला. त्याच्या हृदयाला पाणी भरपूर हवं होतं, अंगातलं पाणी कमी झालं की वाट आणखी अरुंद होते. आमच्या घराने एक हृदय सांभाळायला शिकून घेतलं होतं, आणि ते शिक्षण दुसऱ्याच्या जिवावर उठलं होतं.

भाऊ मसाल्याच्या दुकानात काम करतो. मिरच्या भाजायच्या, कुटायला टाकायच्या, पोती इकडची तिकडे करायची. सीझनला आमच्या गल्लीतून जाणारा माणूस शिंकल्याशिवाय जात नाही, आणि हा त्या खकाण्यात दिवसभर उभा. पोती उचलणं बंद, हे डॉक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या गोळीने हृदयाचे ठोके मंदावले आणि त्यांच्याबरोबर माणूसही मंदावला. गिऱ्हाईक पाव किलो धणे मागायचं आणि हा तराजूकडे बघत राहायचा. मात्रा वाढवली, मग गोळी बदलली. मग एक आणखी जोडली, तिने तोंड कोरडं पडायचं आणि लघवीला ताटकळत बसावं लागायचं. हा संडासात आणि बाहेर चाळीतली रांग, त्यावरून झालेली भांडणं मी मिटवली. एवढं करून जिना चढताना तो दुसऱ्या मजल्यावर थांबायचा आणि कुणी पाहू नये म्हणून चपलेचा पट्टा बघायचा.

हा आजार रक्ताच्या नात्यात असतो, म्हणून माझाही इको काढला. माझं हृदय उत्तम निघालं. डॉक्टर हसून म्हणाली की मावशी, तुम्ही शंभर वर्षं जगाल. मला त्याचा आनंद झाला नाही, संताप आला. थोरली मी, बापाच्या शिव्या खाल्ल्या मी, आणि हे नेमकं त्याच्या वाट्याला यावं. पण संताप कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून लिफ्टवाल्यावर काढला.

गोळ्यांनी भागत नाही हे ठरल्यावर डॉक्टरने आम्हा दोघांना समोर बसवलं. मला एवढं कळलं की तीन वाटा आहेत आणि एकही सरळ नाही. नुकतंच निघालेलं एक औषध आहे, ते थेट त्या जाड स्नायूचा जोर कमी करतं. पण त्यांच्या हॉस्पिटलात ते तेव्हा मिळत नव्हतं, आणि मिळालं तरी हृदय जास्तच ढिलं पडतंय का हे बघायला सारखे इको काढत राहावं लागतं. दुसरी वाट ऑपरेशनची. छाती उघडायची, रक्त यंत्रावर घ्यायचं, हृदय थांबवायचं आणि आतून जाड भाग कापून काढायचा. हातखंडा असलेला सर्जन असेल तर हा सगळ्यात पक्का उपाय, असं ती म्हणाली. सर्जनने भावाला फुंकायला लावून फुप्फुसं तपासली आणि मान हलवली. मिरचीचा खकाणा आणि तरुणपणीच्या विड्या यांनी फुप्फुसं अशी करून ठेवली होती की भूल देणारेही बिचकत होते. अगदी नाही म्हणाले नाहीत, पण हो म्हणतानाही कुणी डोळ्याला डोळा भिडवला नाही.

राहिली तिसरी. मांडीतून बारीक नळी घालून हृदयापर्यंत जायचं, त्या जाड भागाला रक्त पुरवणारी एक छोटीशी शीर शोधायची आणि तिच्यात चमचाभर शुद्ध अल्कोहोल सोडायचं. तेवढा तुकडा मरतो, मग हळूहळू आकसतो आणि वाट मोकळी होते. छाती उघडायला नको, पूर्ण भूल नको. डॉक्टरच्या मते त्याच्यासाठी हेच बरं होतं. माझ्या जिवात जीव आला. मी भावाकडे पाहिलं तर तो खुर्चीच्या हातावरचा रंग नखाने खरवडत होता.

"अल्कोहोल म्हणजे दारूच ना?" त्याने विचारलं.

इथे मला थोडं मागे जायला हवं. आमचा बाप गिरणी कामगार. संपानंतर तो दारूत बुडाला आणि दारूतच गेला. भावाने त्याचा कित्ता गिरवला. त्याचं लग्नाचं वय गुत्त्यावर गेलं. मी त्याला गटाराच्या कडेवरून उचललं आहे, त्याच्या खिशातून माझे कानातले काढले आहेत, आणि एकदा रागाच्या भरात त्याला दाराबाहेर रात्रभर बसवलं आहे, त्याचं मला आजही काही वाटत नाही. डॉक्टर, व्यसनमुक्ती केंद्र, बाबा, सगळं करून झालं. शेवटी चुलत्यांनी त्याला कोकणात गावी नेला आणि ग्रामदेवतेसमोर उभा केला.

आमचे चुलते गाऱ्हाणं घालण्यात पटाईत. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मांडलेलं म्हणणं. एक बोलतो आणि बाकीचे होकार भरतात. चुलत्यांनी उभ्या आयुष्यात बेवडे बघितले होते. खोकल्याचं औषध म्हणून पिणारे, थंडी वाजते म्हणून पिणारे, वैद्याने सांगितलं म्हणून पिणारे. म्हणून त्यांनी एकही फट ठेवली नाही. भावाच्या हातात नारळ दिला आणि म्हणाले, "तोंडातसून नाय, नाकातसून नाय, औषध म्हणान नाय, खंयच्याच वाटेन थेंब आत जावचो नाय, म्हाराजा." आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा." तो नारळ लाल फडक्यात गुंडाळून देवळाच्या तुळईला बांधला. त्या दिवसापासून माझ्या भावाने थेंब घेतला नाही. नाक्यावरच्या देशी बारवरून तो रोज दोनदा जायचा, पण मान वळवायचा नाही. खोकल्याचं औषध आणलं तरी बाटलीवरचं बारीक अक्षर माझ्याकडून वाचून घ्यायचा.

मी विज्ञान शिकवलेली बाई. कशाने का होईना, सुटली ना, एवढंच मी म्हणत आले.

आता ते गाऱ्हाणं आडवं आलं. डॉक्टर त्याला परोपरीने समजावत होती की हे पिणं नव्हे, हा उपचार आहे, थेंबही जिभेला लागणार नाही. मीही घरी येऊन त्याला धारेवर धरलं. म्हटलं, देवाची एवढी बारीक नजर असेल तर तुझ्या हृदयात हे वाढत होतं तेव्हा तो कुठे होता? बोलून गेले आणि जीभ चावली. तो चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "ताय, मी देवाक सांगितलय, खंयच्याच वाटेन नाय. ही वाट तेव्हा माका म्हायत नव्हती, इतक्याच."

तो भित्रा नव्हता आणि अडाणीही नव्हता. त्या शपथेवर तो उभा होता, आणि मी त्याला तिथून खाली उतर म्हणत होते. दुसरीकडे तो जिन्यावर थांबत होता, आणि आता चपलेचा पट्टा बघायचं नाटकही त्याला जमत नव्हतं.

शेवटी मीच चुलत्यांना फोन केला. ते म्हणाले, माणसाने ठरवायची गोष्ट नाही, कौल लावू. गावी मोठ्या कामाआधी देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही जाऊ शकत नव्हतो, कारण देवळाची पाखाडी, त्या उभ्या दगडी पायऱ्या, चढणं त्याला शक्य नव्हतं आणि डॉक्टरने प्रवासालाही बंदी केली होती. म्हणून एका सोमवारी सकाळी गुरवाच्या बायकोने सभामंडपातून व्हिडिओ कॉल लावला. आमच्या खोलीत मी फोन हळदीच्या डब्याला टेकवून ठेवला. भाऊ आंघोळ करून, हात जोडून समोर बसला.

चुलत्यांचा आवाज म्हातारा झाला होता, पण गाऱ्हाणं तसंच होतं. लेकराच्या जिवावर बेतलंय, म्हाराजा, तूच बांधलंस, तूच सोडव. गुरवाने पाकळ्या लावल्या. मग वाट बघणं. फोनमध्ये फक्त काळा पाषाण आणि त्यावर दोन पांढरे ठिपके. मी आयुष्यात निकालाची, पगाराची, आईच्या शेवटच्या श्वासाची वाट पाहिली आहे, पण त्या पाकळीकडे पाहत होते तसं कशाकडे पाहिलं नव्हतं. माझा देवावर विश्वास आहे की नाही, हे त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर मी त्याला चूप बस म्हटलं असतं.

उजवी पडली. भाऊ रडायला लागला. मीही.

चुलत्यांनी एक गोष्ट आधी सांगितली, ती मी ऐकली आणि सोडून दिली. शपथ अर्धी सोडता येत नाही. फक्त डॉक्टरच्या थेंबापुरती सूट, असं देवाकडे चालत नाही. नारळ तुळईवरून उतरला की सगळंच सुटलं. मी म्हटलं, सुटू दे, आधी जीव वाचू दे. इतक्या वर्षांची सवय आहे, आता तो कशाला पितो? गुरवाने गाठ सोडली. नारळ आतून सुकून खडखडत होता. तो ओढ्यात सोडला, तेही आम्हाला फोनवर दाखवलं.

ठरल्या दिवशी त्याला आत नेलं. तो हसत गेला. मी बाहेर बाकावर बसून मनातल्या मनात त्याच्यासाठी महिन्याभराचे पदार्थ ठरवत होते. एवढ्या लवकर कुणी बाहेर येईल असं वाटलं नव्हतं, म्हणून डॉक्टर समोर उभी राहिली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. तिने मास्क खाली केला होता. तिने मला शेजारी बसवून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, तिला दोष नाही. ती शीर त्यांनी शोधली होती. पण तिच्यात आधी रंग सोडून पाहिला तेव्हा तो जाड भागाबरोबर भलतीकडेही पसरत होता. भावाची शीर जन्मतः तशीच होती. तिच्यात अल्कोहोल सोडलं असतं तर हृदयाचा चांगला भागही मेला असता. म्हणून त्यांनी नळी बाहेर काढली. एक थेंबही आत गेला नव्हता.

आता ऑपरेशनच उरलं होतं. त्याआधी काही महिने फुप्फुसं सुधारायची. पंप ओढायचा, श्वासाचे व्यायाम करायचे, मग सर्जन पुन्हा बघणार आणि मग काय ते ठरणार. तोपर्यंत त्याच गोळ्या, भरपूर पाणी आणि जड उचलायचं नाही. निघताना ती म्हणाली, "आणि मावशी, दारू अजिबात नाही. त्या जिभेखालच्या गोळीने जे झालं, तेच दारूने होईल. त्या वेळी तुम्ही जवळ होता म्हणून वाचले." मी मान डोलावली. तिला काय सांगणार होते? की तिच्या चमचाभर औषधासाठी आम्ही त्याचं एकुलतं एक कुंपण पाडून आलो होतो?

दोन दिवसांनी घरी आलो. टॅक्सी गर्दीत आत येईना म्हणून नाक्यावर उतरलो आणि सावकाश चालत निघालो. देशी बारवरून जाताना भावाने मान वळवली. थांबला नाही, काही बोलला नाही, फक्त बघितलं. आत पंखा फिरत होता आणि कुणीतरी फुटाणे खात बसलं होतं. मी त्याचा दंड धरला तर तो म्हणाला, "बघलय नुसता, ताय." मला तो नुसता शब्द सोसला नाही.

तो झोपल्यावर मी गॅलरीत जाऊन चुलत्यांना फोन केला. म्हटलं, लगेच नवा नारळ बांधा, मी त्याला फोनसमोर बसवते. ते म्हणाले, "सोडूचा फोनार जमला, बाय. पण बांधूचा तर माणूस देवासमोर उभो रवाक व्हयो." मी त्यांच्यावर ओरडले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तो पाखाडी चढण्याइतका बरा झाला की घेऊन ये. म्हणजे ऑपरेशननंतर. आणि ऑपरेशनपर्यंत तो कोरडा राहायला हवा, त्यासाठीच तर मला नारळ हवा होता.

मला काही करता येत नाही, हे मला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. फुप्फुसं माझ्या हातात नाहीत, शीर माझ्या हातात नाही, देव माझा नाही. मी त्याच्या मागे मसाल्याच्या दुकानात जाऊन बसू शकत नाही. कोंडून ठेवू शकत नाही, कारण एकदा ठेवला होता तेव्हा खिडकीतून गेला होता.

संध्याकाळी तो उठून बसला. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले, डोक्यावरचा पदर मागे केला आणि म्हटलं, "माझ्या डोक्यावर हात ठेव आणि सांग, घेणार नाही म्हणून." लहानपणापासून आमच्याकडे ही शेवटची शपथ. मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याचं वाईट होतं, असं आम्ही मानत आलो. आईच्या डोक्यावर हात ठेवायला त्याने कधी मागेपुढे पाहिलं नव्हतं. तिच्या डोक्यावर हात ठेवून तो ढळढळीत खोटं बोलायचा आणि तसाच खाली उतरून गुत्त्यावर जायचा.

त्याने हात उचलला. माझ्या केसांपर्यंत आणला. मग त्याने तो परत मांडीवर घेतला.

"नको, ताय," तो म्हणाला. "माका माझो भरवसो नाय. तुका काय झाला तर मी खंय जाव?"

उभ्या आयुष्यात तो माझ्याशी इतकं खरं बोलला नव्हता. खाली दुकानांची शटरं अर्धी उघडी होती, गल्लीतून मिरचीचा वास येत होता आणि तो खोकायला लागला. खोकला थांबल्यावर म्हणाला, पाणी दे.

मी उठले. हात आधी फळीवरच्या आईच्या लोटीकडे गेला, मग मी मोठा तांब्या काढून काठोकाठ भरला. त्याने दोन्ही हातांनी धरून, मध्ये दम घेत, तो सगळा संपवला, आणि संपेपर्यंत मी समोर बसून बघत राहिले. मग मी तांब्या परत भरून त्याच्या हाताशी ठेवला.